रंगापुरता एक थेंब

"तुमच्या पापा-सानांच्या पायातून चप्पल सुटते, आणि ते तसेच पुढे चालत राहतात. एकदा पाय दाखवून घ्या त्यांचे."

दोन वर्षांपूर्वी मालाई आपल्या दुकानाच्या काउंटरवरून वाकून हे म्हणाली होती, आणि यामिनी चक्क हसली होती. अंगावर ऑफिसचे कपडे, खांद्यावर लॅपटॉप, एका हातात कांद्याच्या पातीची जुडी आणि दुसऱ्या हातात तीन वर्षांच्या नेत्राचं मनगट. "आमचे बाबा विसरभोळेच आहेत हो," असं मोडक्या जपानीत सांगून ती दुकानाबाहेर पडलीसुद्धा होती. वर ते बाबांना गंमत म्हणून ऐकवलंही होतं. "बघा बाबा, तुमच्या मलईबाईंना तुमच्या चपलांची काळजी!" सासरेही हसले होते. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच हात जोडले होते. "सूनबाई, चपलांचं राहू दे. त्या गुलाबी दुधाचं तेवढं कुमुदला सांगू नकोस."

यामिनी बी.फार्म. झालेली. साखर असलेल्या माणसाच्या पायाला हळूहळू काही कळेनासं होतं, हे तिनं तिसऱ्या वर्षाच्या पेपरात दहा मार्कांना लिहिलं होतं. तरी ती हसली होती.

दहा महिन्यांनी चिंचवडहून फोन आला. आधी अंगठा, मग पाऊल, मग दवाखान्यातले अकरा दिवस. तेव्हा ते वाक्य तिला शब्दन् शब्द आठवलं. तेव्हापासून ती स्टेशनला मालाईच्या गल्लीतून जात नव्हती. पलीकडच्या रस्त्यानं चार मिनिटं जास्त लागत. नवऱ्यानं, सारंगनं, कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

आज बाबांचं, जयप्रकाशांचं, वर्षश्राद्ध होतं.

टोकियोजवळच्या ग्योतोकुमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळपासून भरड्याच्या वड्यांचा वास कोंडला होता. इथे 'गोया' म्हणून मिळणाऱ्या कारल्याची भाजी झाली होती, आमसुलाची चटणी झाली होती, खिरीवर साय धरत होती. कुमुदिनीबाई ओट्यापाशी स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या, आणि नागोयाहून पहिल्या शिंकान्सेननं आलेली त्यांची लेक अश्लेषा वडे तळत होती. सारंग नव्या पांढऱ्या टॉवेलात उघडा बसला होता. त्याच्या समोर पाटावर बाबांचा हार घातलेला फोटो होता. फोटोशेजारच्या लॅपटॉपमध्ये चिंचवडचे गुरुजी होते.

"कावळ्यासाठी पान बाहेर ठेवा," गुरुजी म्हणाले. "कावळे आहेत ना तिकडे?"

"आहेत, गुरुजी. कोंबडीएवढाले आहेत. पण त्यांना खायला घालायची बंदी आहे. खाली बोर्ड लावलाय."

"बंदी? मग जगतात कसे बिचारे?"

"कचऱ्यावर."

"हां, म्हणजे कचऱ्याला बंदी नाही."

"त्याच्यावरही जाळी टाकतात, गुरुजी."

लॅपटॉपमधून एक दीर्घ निःश्वास ऐकू आला. "बरं. कावळ्याचं राहू द्या. पण घरच्यांनी जेवायच्या आधी एक तरी बाहेरचं माणूस पानावर बसलं पाहिजे. त्याला सूट नाही. तुमचे ते स्नेही येणार होते ना?"

"सुशील? त्याच्या मुलाला ताप आलाय. आत्ताच मेसेज आला."

"मग दुसरं कुणी बघा. तुम्ही परदेशात, मी जातगोत विचारत नाही. गेलेल्या माणसाच्या ओळखीतलं असेल तर फार उत्तम. तृप्त होऊन उठलं पाहिजे, एवढंच." मग गुरुजींचा चेहरा तोंड अर्धवट उघडं असताना गोठला आणि कॉल तुटला.

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाबांच्या ओळखीतलं माणूस इथे कुठून आणायचं? ते इथे येऊन-जाऊन तीन महिने राहिलेले.

"मालाई-सान आहे की," नेत्रा म्हणाली. ती जमिनीवर पालथी पडून रंगवत होती, मान वर न करताच म्हणाली. "आजोबांची तोमोदाची."

"काय म्हणाली?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"मैत्रीण," अश्लेषानं झारा कढईवर आपटत सांगितलं. "बाबांची मैत्रीण! ही कोण, सारंग?"

"अगं, कोपऱ्यावर एक थाई बाई आहे. दुकान आहे तिचं. ही केळीची पानं तिथूनच आणली मी काल."

"तिला आज कसं जमणार?" यामिनी घाईघाईनं म्हणाली. "दुपारची गिऱ्हाइकं असतात. आणि तिला काय कळणार श्राद्धाचं? सारंग, आपण तुझ्या त्या दुसऱ्या मित्राला..."

"यांची ओळख होती ना तिची?" सासूबाई म्हणाल्या. त्या यामिनीकडे बघत नव्हत्या, फोटोकडे बघत होत्या. "मग बोलाव. सारंग, शर्ट घाल आणि जा."

सारंग आणि नेत्रा खाली गेले. यामिनी उगाच वाट्या पुसायला लागली. पुसलेल्या वाट्या पुन्हा पुसत राहिली.

"तेवढ्यात ते करून टाकू या का, आई?" अश्लेषानं गॅस बंद केला. फ्रिजवर फुजीच्या चुंबकाखाली एक कागद तीन आठवडे लटकत होता. तो तिनं काढून आईच्या पुढ्यात ठेवला. "वकील म्हणतोय, तुझा इथे राहायचा अर्ज सोमवारी गेला पाहिजे. बारा दिवसांनी तुझा व्हिसा संपतो. एक सही, बस."

कागदावर चारच ओळी होत्या. त्या कुमुदिनीबाईंच्या हस्ताक्षरात आधीच लिहून झाल्या होत्या. भाषांतर मागाहून जोडायचं होतं. शेवटची ओळ होती, 'भारतात माझ्याकडे लक्ष देणारे कोणीही नाही.' एवढं लिहून त्यांनी पेन ठेवलं होतं. तेव्हापासून कधी पेन उमटत नव्हतं, कधी चष्मा सापडत नव्हता, कधी वार चांगला नव्हता.

"आज श्राद्धाचा दिवस. आज नको."

"काल शनिवार होता, आज श्राद्ध. आई, तू ना..." अश्लेषा यामिनीकडे वळली. "तू सांग गं तिला. तुझं ऐकते ती."

यामिनीनं तीन आठवड्यांत हे कितीदा तरी सांगितलं होतं. सासूबाई आंघोळीला गेल्या की ती बाथरूमच्या बाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसे. त्या किती पाणी प्यायल्या, हे ती बाटलीवर पेनानं खुणा करून बघे. चिंचवडच्या घरात त्या एकट्या, दार आतून लावलेलं, हे चित्र तिला ट्रेनमध्ये दिसे, मीटिंगमध्ये दिसे. "आई, खरंच," ती म्हणाली. "तिकडे तुम्हाला काही झालं तर कळणारसुद्धा नाही कुणाला."

"कळेल की. वास आल्यावर."

"आई!" दोघी एकदम ओरडल्या.

कुमुदिनीबाई गालातल्या गालात हसल्या. तेवढ्यात दार वाजलं.

मालाई साठीची असेल. केस जाळीत बांधलेले, अंगात दुकानाचा एप्रन, हातात ट्रे. ट्रेमध्ये पाच उंच ग्लास, वर प्लास्टिकचा पापुद्रा, आत बर्फ आणि दूध. तळाशी गडद लाल, वर येता येता फिकं होत गेलेलं गुलाबी. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नसतं, हे तिला जपाननं शिकवलं होतं की तिच्या गावानं, कोण जाणे. ती चपला काढून आत आली, वाकली, सरळ झाली, आणि तिला फोटो दिसला. फोटोचा हारही दिसला.

"पापा-सान," ती म्हणाली. ट्रेमधला बर्फ किणकिणला. सारंगनं पटकन ट्रे धरला.

त्यानं तिला जेवायला बोलावलं होतं, कशासाठी ते सांगितलंच नव्हतं. हे यामिनीच्या आता लक्षात आलं. मालाईला वाटलं होतं, पापा-सान भारतातून परत आलेत.

मालाई फोटोपुढे गुडघ्यांवर बसली. बराच वेळ बसली. मग उठून तिनं ट्रेमधला एक ग्लास घेतला, पापुद्रा काढला, एप्रनच्या खिशातून स्ट्रॉ काढून त्यात उभी केली, आणि ग्लास फोटोपुढे ठेवला. स्ट्रॉचं वाकडं टोक फोटोकडे वळवलं.

"अहो, नाही नाही," अश्लेषा पुढे झाली. "त्यांना साखर होती! आणि श्राद्धाच्या पानात असलं..."

"असू दे," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आता काय साखर वाढणाराय त्यांची?"

मालाईनं मागे वळून यामिनीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत रागबिग नव्हता. तिनं जपानीत हळूच विचारलं, "पाय का? पायानंच गेले? मी तुम्हाला म्हटलं होतं, ओकु-सान."

अश्लेषाला जपानी उत्तम येत होतं. कारखान्यात अख्खी लाइन ती त्याच भाषेत चालवत होती. ती जागच्या जागी थांबली. खोलीत जपानी न समजणारं माणूस एकच होतं.

"काय म्हणतेय गं ती?"

"काही नाही, आई," सारंग म्हणाला. "म्हणतेय, फार चांगले होते बाबा."

यामिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याला पुरतं समजलं नव्हतं, पण काहीतरी झाकायचंय एवढं कळलं होतं, आणि विचारपूस न करता त्यानं ते झाकलं होतं. एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पानं वाढली गेली असती, खीर संपली असती. ती आणखी एक वर्ष पलीकडच्या रस्त्यानं गेली असती.

"तसं नाही म्हणाली ती," यामिनी म्हणाली. "ती म्हणाली, पायानं गेले का. आणि म्हणाली, तिनं मला सांगितलं होतं."

मग तिनं सगळंच सांगितलं. कांद्याच्या पातीसकट. मी हसले होते, हेही सांगितलं. तिसऱ्या वर्षाचा पेपरही सांगितला. सांगताना ती जमिनीकडे बघत होती आणि नेत्राचे रंगखडू सरळ रेषेत लावत होती.

अश्लेषाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "म्हणजे तुला माहीत होतं. पायाचं माहीत होतं, ते रोज हे गोड विष पितात तेही माहीत होतं. आम्ही आपले डॉक्टरांना शिव्या देत बसलो. बाबांना इकडे आणायलाच नको होतं, सारंग. मी तेव्हाच म्हणाले होते."

"ताई, तिला एकटीला का..."

"मग कुणाला बोलू? तू तर दिवसभर ऑफिसात!"

मालाईला शब्द कळत नव्हते, पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं. ती ग्लासकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवायला लागली. "नाही, नाही. गोड नाही. पापा-सानांचं गोड नाही."

ती सांगायला लागली, आणि आता सारंग तिचं एकेक वाक्य आईला सांगू लागला.

याला आमच्याकडे नोम येन म्हणतात, थंड दूध. साला नावाच्या फळाच्या वासाचं लाल सिरप, दूध, बर्फ. शाळेतून आलं की आई करून द्यायची.

"कसलं फळ?"

"साला, आई."

"शिवी देऊन प्यायचं होय!" कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि मालाईनं आपल्याला कळल्यासारखं हसून घेतलं. पापा-सानसुद्धा या नावाला रोज हसायचे, ती म्हणाली. पहिल्या दिवशी ते पूर्ण ग्लास प्यायले. दुसऱ्या दिवशी खिशातून कागद काढून त्यांनी सिरपच्या बाटलीवरचं सगळं लिहून घेतलं. ते केमिस्ट आहेत म्हणाले. तिसऱ्या दिवशी बोटं दाखवून सांगितलं, अर्धं सिरप. मग पाव. शेवटी शेवटी नुसतं दूध, बर्फ, आणि वर सिरपचा एक थेंब. रंगापुरता.

"थेंब तरी कशाला?" अश्लेषानं विचारलं. आवाज अजून कोरडाच होता. "साधं दूध प्यायचं होतं."

मालाईनं नेत्राच्या डोक्यावर हात ठेवला. "ही ऐकायची नाही. तुमचं पांढरं, माझं गुलाबी, मग मी एकटी का पिऊ, म्हणायची. रडायची. म्हणून एक थेंब."

नेत्रानं हे ऐकलं, पण तिला त्यात विशेष वाटलं नाही. "आजोबांचं फिकं असायचं," ती म्हणाली. "ते म्हणायचे, उन्हामुळे रंग उडतो."

अश्लेषा भिंतीला टेकून खाली बसली. तिनं एप्रनचं टोक तोंडाशी धरलं. खाली कुणीतरी सायकल स्टँडला लावली, त्याचा खटका वरपर्यंत ऐकू आला.

"यामिनी," कुमुदिनीबाई म्हणाल्या, "इकडे ये. अशी समोर बस."

ती बसली.

"चिंचवडला परत आल्यावर मी रोज बघत होते. जिन्यात चप्पल राहायची आणि हे वर यायचे. मला वाटलं, वयानं पाय सुकलेत, चप्पल सैल झालीय. मी बाजारात गेले आणि नवी आणली. एक नंबर लहान. पट्टा घट्ट होता. म्हटलं, आता नाही सुटणार." हातातली जपमाळ त्यांनी मांडीवर ठेवली. "यांना बोचलीच नाही गं ती. बोचली असती तर म्हणाले असते ना? आठ दिवसांनी मोज्याला रक्त दिसलं, ते मला दिसलं. त्यांना नाही."

"आई..." सारंग म्हणाला.

"वर्षभर कुणाला सांगितलं नाही मी. ती चप्पल मी कचऱ्यातसुद्धा टाकली नाही, कपाटाच्या वर ठेवलीय. तेव्हा हिला एकटीला बोलू नकोस, अश्लेषा. बोलायचंच तर रांगेत मी आधी."

सात वर्षांच्या सुनेपणात ती सासूच्या पाया पडली होती, त्यांच्या डोक्याला तेल लावलं होतं, पण कधी मिठी मारली नव्हती. आता मारली. कुमुदिनीबाईंच्या साडीला वड्यांचा वास होता. त्यांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, नेत्राला झोपवताना थोपटतात तसं.

"मी तर शेवटचं वर्षभर त्यांचे पायच पाहिले नाहीत," अश्लेषा कुणाकडेही न बघता म्हणाली. "व्हिडिओ कॉलवर पाय कुठे दिसतात." मग नाक पुसत उठली. "चला, ती बाई उपाशी बसलीय. वाढा."

मालाई पानावर बसली. तिनं कारलं दोनदा मागून घेतलं. आमसुलाची चटणी चाखून डोळे मिटले आणि हे कशाचं, कुठे मिळतं, विकायला ठेवू का, असं एका दमात विचारलं. खीर मात्र अर्धीच खाल्ली. फार गोड आहे म्हणाली, तेव्हा सगळेच हसले. उठताना तिनं हात जोडले, कुमुदिनीबाईंनीही जोडले. नमस्कार तेवढा दोघींना भाषांतराशिवाय कळला.

ती गेल्यावर घरचे जेवले. उरलेले चार ग्लास चौघांनी घेतले. कुमुदिनीबाईंनी आपल्यात नेत्राला वाटेकरी केलं. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "रोझ मिल्कसारखंच तर आहे. यासाठी चोरी?" आणि पुढचा घोट बराच वेळ तोंडात धरून बसल्या.

मग त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि तो कागद मागितला.

सारंगनं धावत पेन आणलं. कुमुदिनीबाईंनी पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली.

"आई! अगं, हे वाक्यच तर पाहिजे त्यांना!"

"ते खोटं आहे, सारंग."

"खोटं कसं? कोण आहे तिकडे? मामा गेला. काकू नाशिकला."

"ही दुकानवाली कोण होती यांची? तीन महिन्यांची ओळख. भाषा येत नाही. तिनं यांच्या पायाकडे बघितलं आणि सांगितलं. चिंचवडच्या त्या जिन्यात मी चाळीस वर्षं चढतेय-उतरतेय. खालच्या सदानंदांनी, समोरच्या उल्कानं बघितलं नसेल असं वाटतं तुला? बघितलं असेल. मी विचारलं नाही. 'हे ठीक आहेत ना, तुम्हाला काय वाटतं,' असं मी कुणाला विचारलंच नाही. घरातलं घरात." त्यांनी कागदाची घडी घातली. "लक्ष देणारं कुणी नाही, असं त्या सगळ्यांच्या नावावर मी कसं लिहून देऊ?"

"आणि नाही दिलं त्यांनी लक्ष, तर?" सारंगचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"सांगून ठेवावं लागतं, बाबा. लाज सोडून सांगावं लागतं."

सारंगनं बहिणीकडे पाहिलं. सकाळपासून ती त्याच्या बाजूनं होती. "ताई, तू बोल ना."

"जाऊ दे तिला," अश्लेषा म्हणाली. "दर दोन महिन्यांनी आपण एकेक जण जाऊ. मी डिसेंबरात रजा टाकते. आणि यामिनी, तू त्या उल्काकाकूंचा नंबर घे. तुझ्या त्या पाण्याच्या बाटलीच्या खुणा सांग त्यांना. तुझ्याइतकं बारीक कुणाला बघता येत नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, यामिनीला कळलं नाही. अश्लेषालाही कळलं नसावं. पण संध्याकाळी नागोयाची गाडी पकडण्यापूर्वी तिनं दारात यामिनीचा हात धरला आणि स्टेशनपर्यंत सोडला नाही. दोघी मालाईच्या गल्लीतून गेल्या.

बारा दिवसांनी कुमुदिनीबाई नारिता विमानतळावरून एकट्या निघाल्या. यामिनीनं तोवर सदानंदांना फोन केला होता, उल्काकाकूंना केला होता, केमिस्टला केला होता, पेपरवाल्यालाही केला होता. प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं, लाज सोडून: तुमच्या जवळच माझ्या सासूबाई राहतात, जरा बघत जा. सगळे हो म्हणाले. फोन ठेवल्यावर तिला वाटे, अजून एक माणूस हवं.

म्हणून हे सगळं लिहिलंय. तुमच्यापैकी कुणी चिंचवडला राहत असाल, अनुबंध सोसायटीच्या बाजूनं कधी जात असाल, तर दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताचं दार कुमुदिनीबाईंचं आहे. बेल वाजवून थोडं थांबा, त्यांना यायला वेळ लागतो. मी ठणठणीत आहे म्हणतील. लगेच निघू नका. चहा विचारतील, घ्या. आणि बोलता बोलता विचारा, काल काय जेवलात. लगेच सांगितलं तर उत्तमच. आठवायला लागल्या, तर जरा बसा त्यांच्यापाशी.